गिटारच्या दांडीवरचा पंचेचाळीस

आमच्या घरात तारखेशिवाय वस्तू राहत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दिवसभर लोखंडी भागांवर ठोकलेले आकडे वाचायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तोच उद्योग. लोक भांड्यांवर नाव घालून घेतात, हौस असेल तर तारीखही. आमच्याकडे पाटाच्या बुडाला, कुकरच्या कडेला, सायकलच्या मडगार्डखाली, जिथे जागा मिळेल तिथे साल आणि महिना कोरलेला. बासष्ट साली आम्ही साताऱ्याकडून पिंपरीला आलो, तेव्हा घेतलेल्या पहिल्या बादलीवरसुद्धा आहे. बादली कधीच गळायला लागली, तारीख मात्र शाबूत.

त्यांचं दुसरं वेड स्क्रूचं. दिव्याच्या बटणांची पट्टी असो की दाराची कडी, सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या आणि एका रेषेत पाहिजेत. एखादी तिरकी दिसली की माणूस भरल्या ताटावरून उठायचा. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, या खाचांपायी लहानपणी भरपूर धपाटे खाल्ले. पुढे तो टूलरूममध्ये लागला आणि बापाच्या वरताण निघाला. कुणाकडे चहाला गेला तरी खिशातल्या नाण्याने त्यांच्या भिंतीवरचे स्क्रू सरळ करून यायचा. लोक हसायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दादाला आणखी एक नाद होता, गिटारचा. साधी नव्हे, विजेवर बोलणारी. गणपतीत कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात तो उसन्या गिटारवर वाजवायचा आणि खाली बसलेल्या पोरी माझ्याकडे वळून बघायच्या, मी त्याची बहीण म्हणून. लग्न झालं, वर्षही झालं नाही, तोच या पठ्ठ्याने नोकरी सोडली. प्रवासी बोटीवर बँड असतो, त्यात त्याला काम मिळालं होतं. दोन वर्षं वाजवतो, स्वतःची गिटार घेतो आणि परत येतो, असं म्हणाला. अण्णा त्याला सोडायला बाहेरसुद्धा आले नाहीत. वहिनी तेवढी स्टेशनपर्यंत गेली होती.

आधी पत्रं आली. मग एकोणसत्तरच्या पावसाळ्याआधी मुंबईहून बोट कंपनीच्या एजंटचा माणूस आला आणि उभ्या उभ्याच बोलला. कुठल्याशा परदेशी बंदरात बोटीवरून किनाऱ्याला जाणारी लाँच उलटली होती. काही जण सापडले, काही नाही. दादा न सापडलेल्यांत. तो त्या लाँचमध्ये होता हे नक्की का, असं अण्णांनी विचारलं, तर म्हणाला, "असावा."

या एका 'असावा'वर आमचं घर बारा वर्षं चाललं. गुरुजी म्हणाले, देह मिळाला नाही, कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही, तर बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं धरायचं. तोवर वहिनीचं कुंकू आणि मंगळसूत्र तसंच. आईचा तर हुकूमच होता, माझा मुलगा जिवंत आहे. वहिनीला कुणी काही विचारलं नाही. ती भोसरीत एका रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगला लागली आणि सकाळी डबा घेऊन बाहेर पडायला लागली. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, हे कॉलनीतल्या बायकांना कधी ठरवता आलं नाही. काही बोलवायच्या, काही टाळायच्या आणि एकीने तर बोलावून बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. माहेरचे तिला दुसरीकडे द्यायला तयार होते, पण नवरा जिवंत असावा-नसावा अशा बाईचं लग्न लावायला कुणी धजेना. एकदा धुणं वाळत घालताना मला म्हणाली, "मी कोण आहे तेवढं एकदा ठरवा गं. सवाष्ण तर सवाष्ण, विधवा तर विधवा. हे मधलं नको." मला तरी कुठे माहीत होतं?

एक्क्याऐंशीला बारा वर्षं भरत आली. अण्णांनी गुरुजींना सांगून ठेवलं. आई रडून, भांडून, उपास करून दमली आणि शेवटी गप्प झाली. विधीला आठवडा-दोन आठवडे उरले असतील, तेव्हा एका दुपारी तो गोव्याचा म्हातारा दारात उभा राहिला. काखेत भलीमोठी काळी पेटी.

तो दादाच्या बोटीवर स्वयंपाकी होता, आता निवृत्त. लाँच उलटल्याचं त्याला काहीच माहीत नव्हतं, तोवर तो दुसऱ्या बोटीवर गेला होता. पुण्यात लेकीकडे आला होता. दादा नेहमी, गिटार ठेवून गेला त्या दिवशीसुद्धा, वडिलांच्या कारखान्याचं आणि खात्याचं नाव सांगायचा, म्हणून हा गेटवर विचारत विचारत आमच्यापर्यंत पोचला. पेटीत गिटार होती. कडेला काळपट, मध्ये पिवळी, तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीसारखी. दादाने ती वास्कोला त्याच्या घरी ठेवायला दिली होती, येऊन घेतो म्हणाला होता, पण आलाच नाही.

"कधी दिली?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या मुलीच्या लग्नाच्या आधी," म्हातारा म्हणाला. मग कपाळ चोळत बसला. "मोठीच्या की धाकटीच्या, तेच आठवत नाही बघा."

मोठीचं लग्न अडुसष्टच्या शेवटी, धाकटीचं बहात्तरला. आता बोला. एका मुलीच्या लग्नाआधी दिली असेल, तर लाँच उलटायच्या आधीची गोष्ट. दुसरीच्या लग्नाआधी दिली असेल, तर आमचा माणूस बुडालाच नव्हता. मी त्याला मांडव कुठे होता, जेवायला काय होतं, सगळं विचारलं. जेवणं त्याला दोन्ही लग्नांची आठवत होती, माशासकट. गिटार कोणत्या लग्नाची, ते काही केल्या येईना.

वहिनीने त्याला चहा दिला आणि एकच विचारलं, "आमच्याविषयी काही बोलायचे?"

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "वडिलांविषयी फार बोलायचे," म्हणाला.

तो गेल्यावर अण्णांनी गिटार पालथी केली. मागे, जिथे लांब दांडी धडाला जोडलेली असते, तिथे एक चौकोनी पत्रा होता. त्यावर मेड इन जपान आणि खाली आकडा: ६८०९१२. अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "अडुसष्ट. सप्टेंबर. बारावी बॅच." त्यांच्या कारखान्यात प्रत्येक भागावर असाच ठोका असे, आधी साल, मग महिना, मग बॅच. त्यात शंकेला जागाच नाही. अडुसष्टात बनली, दादाने घेतली, थोरलीच्या लग्नाआधी वास्कोला ठेवली आणि एकोणसत्तरात तो गेला. सगळा हिशेब बसला. अण्णांचा चेहरा असा दिसत होता, जणू कुणी त्यांच्या हातातलं ओझं उतरवून घेतलं. मुलगा मेल्याचं असं समाधान मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता.

वहिनी हळूच म्हणाली, "मामंजी, पण हा नंबर तुमच्या कंपनीचा थोडाच आहे?"

"नंबर म्हणजे नंबर, पोरी. उगीच कुणी सहा आकडे ठोकत नाही."

पण तिच्या डोक्यात किडा शिरला तो शिरला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी ती पेटी घेऊन पुण्याला कॅम्पात गेलो. बसमध्ये कंडक्टर विचारतो, "ताई, आत काय, मगर?" तिथे वाद्यांच्या दुकानात एक पारशी म्हातारा होता. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि बोलायला लागला, तेव्हापासून माझ्या डोक्याचा जो भुगा झाला तो आजपर्यंत.

म्हणाला, नंबरावर जाऊ नका. जपानी कारखाने हवे तसे नंबर टाकायचे. काहींच्यात साल असतं, काहींच्यात नुसती मोजणी. त्याच्याकडे आलेल्या दोन सारख्या गिटारींत मोठा नंबर जुनीवर होता आणि लहान नवीवर. मग बघायचं काय? तर खुणा. वरच्या टोकाला कंपनीचं नाव होतं ते पडलेलं, पण खिळ्यांची भोकं दिसत होती. धातूचं नाव खिळ्यांनी ठोकलेलं म्हणजे जुनी, कारण पुढे पुढे ते नुसतं चिकटवायला लागले. मी म्हटलं, म्हणजे अडुसष्ट? तर म्हणे, थांबा. आवाज उचलणारे हे दोन डबे चपटे आहेत, हे जरा नंतरचे. मी म्हटलं, म्हणजे सत्तरनंतर? तर म्हणे, तसंही नाही, डबे बदलता येतात. त्याने बटणांमागची झाकणी काढली. वहिनी वाकून बघत म्हणाली, "ही तार नंतर डकवलेली आहे. याचं सोल्डर वेगळं आहे." पारशीबाबा खूश झाला. म्हणाला, बरोबर, म्हणूनच सांगतो, हिच्यात कशाचा कशाला मेळ नाही. शेवटी म्हणाला, दांडी सोडवून बघा. दांडीच्या बुडाला, झाकलेल्या जागी, बनवणारे तारीख टाकतात. गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तिथे कुणी खोटं लिहीत नाही.

"तुम्हीच उघडा ना," मी म्हटलं. पण वहिनीने पेटी बंद केली. "घरी उघडू. मामंजींच्या हाताने," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर अण्णा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले. वहिनी समोर एक वाटी घेऊन, स्क्रू ठेवायला. आई देवापाशी, पण कान इकडे. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, त्या पत्र्यावर टेकवणार एवढ्यात थांबले. मला वाटलं, चष्म्यातून दिसत नसेल. मी म्हटलं, मी काढू का, तर वसकन अंगावर आले. मग पटापट चारी स्क्रू काढून वाटीत टाकले आणि म्हणाले, "एका खाचेचे आहेत. जपानी लोक अधिकच्या चिन्हाचे वापरतात. म्हणजे हे कुणीतरी नंतर बदललेत." वहिनी वाटीकडे बघत होती.

दांडी निघाली. तिच्या बुडाला, कोऱ्या लाकडावर, निळ्या शाईचा शिक्का: ४५.१०.

"पंचेचाळीस?" मी म्हटलं. "एकोणीसशे पंचेचाळीस?"

म्हणजे दादा चार-पाच वर्षांचा असतानाची. त्या साली जपानवर बाँब पडले, आणि कुणी तिथे बसून विजेच्या गिटारी करत होतं? आई आतून म्हणाली, जुन्या बाजारातली असेल. अण्णा म्हणाले, पंचेचाळीस हे साल नव्हेच, मापाचा आकडा आहे. मग दहा कशाचा? त्यावर त्यांनी पट्टी आणून दांडी मोजली. पत्रा अडुसष्ट सांगतो, भोकं जुनी सांगतात, डबे नवे सांगतात, दांडी महायुद्धातली. मला वाटलं, या गिटारपेक्षा तो गोव्याचा म्हातारा बरा, त्याच्याकडे निदान दोनच लग्नं होती.

मी तेव्हा चिंचवडला एका कंपनीत टायपिस्ट होते. तिथे जपानहून एक मशीन आलं होतं आणि त्याच्या पाटीवरच्या माहितीची नक्कल टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. वर्ष या रकान्यात ४८. मी साहेबांकडे कागद नेला आणि म्हटलं, एवढं जुनं मशीन घेतलं? साहेब हसले. म्हणाले, त्यांच्यात राजा गादीवर बसतो तिथपासून वर्षं मोजतात. आपण शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून सन काढतो ना, तसं यात पंचवीस मिळवायचे. अठ्ठेचाळीस म्हणजे त्र्याहत्तर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज शके दिसतं आणि हे कुणाला सुचलं नाही. पंचेचाळीस अधिक पंचवीस, सत्तर. सत्तर सालचा ऑक्टोबर. लाँच उलटली एकोणसत्तरला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि धावत-पळत घरी आले. अण्णा निवृत्त झाल्यापासून घरीच असत आणि वहिनीला त्या दिवशी सुट्टी होती, ती तांदूळ निवडत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"दादा बुडाला नव्हता. ही दांडी बनली तेव्हा एकोणसत्तर संपून गेलं होतं."

आईने मला मिठी मारली, देवापुढे साखर ठेवली, हसत होती आणि रडतही होती. मीही रडले, आनंदाने. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. वहिनी तांदूळ निवडत राहिली. मला कळेना, हिला झालंय काय? बारा वर्षं जे ठरत नव्हतं ते ठरलं, नवरा जिवंत होता, आणि ही खडे वेचतेय.

"त्याने काही सिद्ध होत नाही," अण्णा म्हणाले. "स्क्रू मूळचे नाहीत. कुणीही दांडी बदलली असेल. त्या स्वयंपाक्याने बदलली असेल. धड अडुसष्टचं आहे, आपला मुलगा एकोणसत्तरला गेला. विधी ठरल्याप्रमाणे होईल."

"अहो, असं काय बोलता?" आई म्हणाली.

तेव्हा वहिनीने सूप बाजूला ठेवलं. "मामंजी," ती म्हणाली, "चारी खाचा उभ्या होत्या. एका रेषेत. तुम्ही काढायच्या आधी मी पाहिल्या."

अण्णांनी चष्मा काढला.

"तुम्हीही पाहिल्या."

"हो," अण्णा म्हणाले. "पाहिल्या."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, त्या रविवारी अण्णांचा हात का थांबला होता. ही दांडी दुसऱ्या कुणी बसवली असती, तर खाचा कशाही असत्या. ती दादाने बसवली होती. सत्तरनंतर कधीतरी, कुठेतरी, तो मांडीवर गिटार घेऊन बसला होता, त्याने चार स्क्रू पिळले होते आणि बापाने शिकवल्याप्रमाणे सरळ केले होते. हात धड होते. डोकंही धड होतं. आत्तापर्यंत मी फक्त तो जिवंत होता एवढंच मोजत होते, वास्कोपर्यंत आला आणि घरी आला नाही हे मोजलंच नव्हतं.

आई म्हणाली, "आठवण गेली असेल गं त्याची. पाण्यात पडल्यावर डोक्याला मार लागतो, माणूस घरदार विसरतो."

"मामंजींच्या खात्याचं नाव लक्षात होतं, आई," वहिनी म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. उठली, हात धुतले आणि मंगळसूत्र गळ्यातून काढलं. ते तिने त्या स्क्रूंच्या वाटीशेजारी, फळीवर ठेवलं. "गुरुजींना नको म्हणून सांगा. जिवंत माणसाचा पुतळा जाळू नये. तुमचा मुलगा तुम्हाला मिळाला, हे त्याचं आहे, तुमच्याकडे राहू दे." आईने तिच्या कपाळाकडे पाहिलं. "कुंकू राहील," वहिनी म्हणाली. "ते मी परकर नेसत होते तेव्हापासून माझं आहे."

मी तिला थांबवायला गेले. म्हटलं, कदाचित नंतर काही झालं असेल त्याला, आजारी पडला असेल, तुरुंगात असेल, आपल्याला काय माहीत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तेच तर. बुडाला होता तोवर तो माझा होता." आणि मग ती रडली. त्या बारा वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

तिने थेरगावला कारखान्यातल्या एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. निघायच्या सकाळी तिने ती गिटार पुन्हा जोडली. दांडी बसवली, पत्रा ठेवला, वाटीतले चार स्क्रू घट्ट पिळले, पेटी बंद करून माझ्या कॉटखाली सरकवली. अण्णांनी तिची ट्रंक स्वतः उचलून रिक्षात ठेवली. ज्या माणसाने मुलाला दारापर्यंत सोडलं नव्हतं, तो रिक्षा वळेपर्यंत रस्त्यात उभा होता. आईला कळत नव्हतं की मुलगा मिळाला म्हणून देवाला नारळ फोडावा की सून गेली म्हणून उपाशी राहावं. तिने दोन्ही केलं.

दादाचं पुढे काहीच कळलं नाही. तो आहे की गेला, त्याला शिव्या द्याव्यात की त्याच्या नावाने पान वाढावं, हे मला आजही उमगलेलं नाही. गिटार माझ्याकडेच आहे. वहिनी गेली त्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी ती कॉटखालून काढली आणि पालथी करून बघत बसले. मीही मागे उभी राहून पाहिलं. चार स्क्रूंच्या चार खाचा चार दिशांना होत्या. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या शेजारीच पडला होता. अण्णांनी पेटी लावली आणि पुढे जिवंत असेपर्यंत त्या खाचा कधी सरळ केल्या नाहीत.